कवडी घसरणार

१

इमारत झाडायला येणाऱ्या बाईंना सोमवारी सकाळी जिन्यात आधी एक चप्पल दिसली. कुणाची तरी राहिली असेल म्हणून त्यांनी ती केरसुणीने बाजूला सारली आणि चार पायऱ्या उतरून वळणावर आल्या, तेव्हा दुसरी चप्पल दिसली, आणि ती पायात होती. डोकं भिंतीला टेकलेलं, एक हात अंगाखाली दुमडलेला, केसांत रक्त सुकलेलं. श्वास मात्र चालू होता.

त्याच सुमारास, कुणी बटण दाबायची गरज न पडता, जिन्यात पडलेल्या बाईचं दर सोमवारचं पान हजारो लोकांच्या फोनवर उमटलं. पानाच्या माथ्यावर ठळक ओळ होती: ‘कवडी घसरणार.’

ही कवडी पैलगावची. पैलगाव फक्त पडद्यावर होतं. पण तिथे लोक जागा घेत, घरं बांधत, दुकानं मांडत, गाण्याचे वर्ग चालवत आणि शेजाऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या फर्निचरला नावंही ठेवत. तिथला सगळा व्यवहार कवड्यांत. आणि कवड्या खऱ्या पैशात मोडून मिळत, त्यामुळे कितीतरी घरांतली खरी चूल त्या खोट्या गावावर पेटत होती. कवडीचा दर रोज खालीवर होई. तो पुढच्या आठवड्यात कुठे जाईल याचा अंदाज बांधणं हा त्या जिन्यात पडलेल्या बाईचा धंदा. लोक तिचं पान वाचल्याशिवाय कवडी मोडत नसत. अंदाज चुकला तर पुढच्या सोमवारी ती तसं स्वच्छ लिहायची, आणि म्हणूनच लोकांचा तिच्यावर विश्वास होता.

त्या सोमवारी दुपारपर्यंत लोकांनी मिळेल त्या भावात कवड्या विकल्या. कवडी अक्षरशः कवडीमोल झाली.

हॉस्पिटलच्या बाकावर चिमी बसली होती. चिमी हे घरातलं नाव. चाळिशी उलटली तरी भावाने ते सोडलं नव्हतं. ती विमा कंपनीत दाव्यांची तपासनीस होती. गोदामाला आग आधी लागली की विमा आधी उतरवला, हे शोधण्यात तिची वीस वर्षं गेली होती. आत काचेपलीकडे बेशुद्ध होती ती तिची वहिनी, थोरल्या भावाची बायको. वहिनी तिला चेष्टेने ‘वन्सं’ म्हणायची, आणि चिमीला ते फार आवडायचं.

इन्स्पेक्टर शेजारी येऊन बसले. मवाळ बोलणारा, थकलेला माणूस. त्यांनी सांगितलं की पान वाचून कुणी तरी रागाने ढकललं असेल असं त्यांना आधी वाटलं होतं.

“पण डॉक्टर म्हणतात, त्या काल संध्याकाळपासून तिथे पडून आहेत,” ते म्हणाले. “म्हणजे पान यायच्या कितीतरी आधीपासून. जे पान कुणी वाचलंच नव्हतं, त्याचा राग कुणाला येणार?”

२

त्याच इमारतीतलं वहिनीचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या होत्या. आतल्या खोलीत वहिनीचं टेबल, बाहेरच्या खोलीत भागीदाराचं. वहिनीने गणित करायचं आणि भागीदाराने वर्गणीदार सांभाळायचे, अशी वाटणी पाच-सहा वर्षं सुखाने चालली होती. भागीदार गोल चेहऱ्याचा, लाघवी माणूस. डोळे रडून सुजलेले. त्याने चिमीला स्वतः खुर्ची पुसून दिली.

रविवारी काय झालं, हे त्याने न विचारताच सांगितलं. दर रविवारी वहिनीचा प्रोग्राम गणित करत राही आणि ती ऑफिसातच मुक्काम करी. तो स्वतः जेवण झाल्यावर सासुरवाडीला गेला, तो थेट सोमवारी सकाळी परतला. मात्र तो निघण्याआधी एक तमाशा झाला होता. वतनदार आला होता. पैलगावातल्या निम्म्याअधिक जागा ज्याच्या नावावर, त्याला सगळे वतनदार म्हणत. तुझ्या अंदाजांमुळे माझ्या जागांचे भाव पडतात, असं तो वहिनीच्या तोंडावर ओरडला, आणि जाताना दार असं आपटलं की खालच्या मजल्यावरचे लोक बाहेर आले.

चिमीने सोमवारचं विचारलं. त्याने कपाळाला हात लावला. “पान आलं आणि शिव्यांचा पाऊस सुरू झाला. आमच्या पानाखाली वाचकांच्या प्रश्नांची खिडकी असते. वाचवेना हो. शेवटी मीच ती बंद केली.”

धंदा कसा चालला होता, हेही तिने विचारलं. तो उठून भिंतीवरच्या आलेखाशी गेला. वर्षभराच्या दराची एक रेघ होती, मध्येच टेकडीसारखी उंच चढलेली. त्या टेकडीवर त्याने बोट आपटलं. “हा चढ बघा. या चढाने आमचं कंबरडं मोडलं. निम्मे वर्गणीदार गळले.”

मग तिने वहिनीच्या टेबलाशी बसून ते पान स्वतः वाचलं. माथ्यावर ती ठळक ओळ. खाली आकडा: आजचा दर दोनशे चाळीस, आठवड्याअखेर एकशे ऐंशी. आणि त्याखाली उतरत जाणारा आलेख. घसरणार म्हणजे घसरणारच. सगळं कसं एकाला एक जुळत होतं. पण पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘दर म्हणजे खऱ्या शंभराला मिळणाऱ्या कवड्या.’

ही ओळ वाचून चिमी पुढे गेली, थांबली, आणि परत मागे आली. काल शंभराला डझनभर केळी मिळत होती आणि आज दहाच मिळतात, तर केळी स्वस्त झाली की महाग? महाग. खऱ्या शंभराला दोनशे चाळीसच्या जागी एकशे ऐंशीच कवड्या मिळणार असतील, तर कवडी पडणार नव्हती. ती वर जाणार होती.

माथ्यावरची ओळ एक सांगत होती आणि खालचा आकडा बरोबर तिच्या उलट.

३

आकडा आणि आलेख प्रोग्राम स्वतःच पानावर चढवतो, त्याला हात लावता येत नाही. माथ्यावरची ओळ तेवढी हाताने लिहावी लागते, याची चिमीने त्याच दिवशी खात्री करून घेतली. म्हणजे आकडा वहिनीचा होता. ओळ दुसऱ्या कुणाची तरी होती. वहिनीने झोपेतसुद्धा ही गल्लत केली नसती.

ज्याने ती ओळ लिहिली तो एक तर चुकला होता किंवा खोटं बोलला होता. खोटं बोलला असेल तर कशासाठी, हेही उघड होतं. लोकांनी घाबरून मातीमोल भावात कवड्या विकाव्यात, आपण त्या गोळा कराव्यात, आणि मग दर चढताना बघत बसावं.

वतनदाराचं खऱ्या जगातलं दुकान चष्म्यांचं निघालं. बारीक, चिडका, पण बोलायला मोकळा माणूस. गिऱ्हाईक नव्हतं. चौकटींनी भरलेल्या भिंती दोघांकडे बघत होत्या. रविवारी ओरडल्याचं त्याने लगेच कबूल केलं. आपला आवाजच तसा आहे, बायकोही तेच म्हणते, असंही तो म्हणाला. सोमवारी पान वाचताच त्याने पैलगावातल्या सगळ्या कवड्या फुंकून टाकल्या होत्या. बारा वर्षांची कमाई एका सकाळीत गेली.

चिमीने त्याला केळ्यांचा हिशेब सांगितला. त्याने तो बोटांवर पुन्हा मोजला. मग डोळ्यांवरचा चष्मा काढून त्याने काउंटरवर ठेवला.

“आयुष्यभर दुनियेला बारीक अक्षरं वाचायला लावली,” तो म्हणाला, “आणि मी स्वतः मथळा वाचून उडी मारली.”

त्याचं सोंग नव्हतं. ओळ खोटी आहे हे ज्याला ठाऊक होतं, त्याने कवड्या विकल्या नसत्या. निघताना चिमीने सहज विचारलं, की विकण्याआधी त्याने पानाखालच्या खिडकीत विचारलं का नाही. ती बंद होती, असं तो म्हणाला. रविवारी भांडून घरी गेल्यावरही त्याची आग शांत झाली नव्हती. संध्याकाळी उरलेल्या चार शिव्या लिहाव्या म्हणून बसला, तर तेव्हाही बंदच. ‘घाबरली बाई’ असं म्हणून तो जेवायला बसला.

चिमी दुकानाबाहेर आली तोच फोन वाजला. इन्स्पेक्टर होते. दर पडल्यावर कवड्या कुणी उचलल्या याची चौकशी त्यांनी पैलगावच्या कंपनीकडे केली होती. बाकीची नावं यायची होती, पण एक ओळखीचं खातं आलं होतं.

“तुमच्या भावाचं,” ते म्हणाले. “आणि बायकोचे पासवर्ड नवऱ्याला ठाऊक असतात, हे मी वेगळं सांगायला नको.”

४

दादा हॉस्पिटलच्या मागच्या व्हरांड्यात उभा होता. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं एक घर चुकून लागलेली. त्याचा खऱ्या लाकडाचा कारखाना बंद पडल्यापासून तो पैलगावात खुर्च्या-टेबलं घडवून विकत असे. हातांना रंधा नाही म्हणून सुरुवातीला रडकुंडीला आलेला हा माणूस, पण तिथे त्याचं नाव झालं होतं. घरात मात्र वहिनीचा एक नियम होता. त्याने मिळालेल्या कवड्या त्याच दिवशी मोडायच्या, साठवायच्या नाहीत, आणि अंदाजाबद्दल तिला एक शब्द विचारायचा नाही. घरातच चोरी झाली तर बाहेर तोंड कसं दाखवू, असं ती म्हणायची.

काल दादाने सांगितलं होतं की सोमवारी सकाळी तो झोपला होता आणि पोलिसांचा फोन आल्यावर जागा झाला.

चिमीने आयुष्यात शेकडो माणसांचं खोटं पकडलं होतं. चहा पाजून, गप्पा मारून, अलगद. त्या दिवशी तिला सुरुवातच करता येईना. वडील गेल्यावर हाच माणूस तिला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडायचा. शेवटी ती एवढंच म्हणाली, “दादा, तू झोपला नव्हतास.”

त्याने नकार दिला नाही. कठड्याला धरून खाली बसला.

“आकडा तिचा होता चिमे,” तो म्हणाला. “ओळ तिची नव्हती. इतकी वर्षं तिच्यासोबत राहतोय, मला कळणार नाही? बघताक्षणी कळलं की कुणी तरी घोळ घातलाय. आणि कळलं की कवडी चढणार.”

“मग तिला फोन करायचास.”

“केला.”

“आणि?”

“उचलला नाही तिने. वाटलं, कामात असेल. म्हटलं जाऊन बघावं. निघालोही होतो. चपला घातल्या होत्या.” तो थांबला. “पण दर अजून पडत होता. म्हटलं, आधी एवढं घेऊन टाकू.”

पलीकडच्या खोलीत कुणाच्या तरी यंत्राची टिकटिक चालू होती.

“ती जिन्यात पडली होती,” दादा म्हणाला, “आणि मी दारात उभा राहून कवड्या वेचत होतो.”

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण तो ठेवतानाही तिच्यातली तपासनीस हिशेब करतच होती. दादाला पासवर्ड ठाऊक होता. आकड्याचा अर्थ ठाऊक होता. त्याने कवड्या घेतल्या होत्या. आणि तो एकदा खोटं बोलून झाला होता. ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या भावाची असती तर तिने एव्हाना अहवाल लिहायला घेतला असता. या विचाराची तिला शरम वाटली, पण विचार काही गेला नाही.

तेवढ्यात इन्स्पेक्टर व्हरांड्याच्या टोकाला दिसले. दादाला न्यायला आले असतील म्हणून ती दादाच्या पुढे उभी राहिली. पण त्यांचा चेहरा निवळलेला होता.

“सुटलं म्हणायचं कोडं,” ते म्हणाले. “तो भागीदार चौकीवर येऊन बसलाय. म्हणतो, ती ओळ मीच लिहिली.”

५

भागीदार ढसाढसा रडत होता. रविवारी निघण्यापूर्वी वहिनीने त्याला तयार झालेला आकडा सांगितला आणि माथ्यावर ओळ टाकायला सांगितली. त्याने दोनशे चाळीस आणि एकशे ऐंशी बघितलं आणि सरळ ‘घसरणार’ लिहून मोकळा झाला. त्या उलट्या आकड्यांनी आपला कायम गोंधळ होतो, वहिनी नेहमी त्यावरून हसायची, असं तो सांगत होता. चिमी पान निरखून वाचून गेली तेव्हाच आपली चूक त्याच्या लक्षात आली होती. आपल्या एका शब्दाने इतक्या घरांचं नुकसान झालं, या टोचणीने त्याला अन्न गोड लागत नव्हतं. काय शिक्षा द्यायची ती द्या, असं म्हणून त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले.

इन्स्पेक्टरांनी त्याला पाणी दिलं. चुकीला कायद्यात शिक्षा नव्हती. वहिनी मुक्कामाला थांबली होती, काही आणायला खाली निघाली असेल, जिन्यातला दिवा अधूनमधून दगा देतो हे इमारतीतले सगळेच सांगत होते. अपघात एकीकडे, चूक दुसरीकडे. दादा कवड्या घ्यायला मोकळा होता, ते फार तर अशोभनीय. सगळं आपापल्या खणात नीट बसलं.

चिमीला आनंद व्हायला हवा होता. भाऊ सुटला होता. ती चौकीतून चालत निघाली, आणि रस्ता ओलांडताना मध्येच अशी थबकली की मागच्या गाडीवाल्याने तिच्या सात पिढ्या आठवल्या.

या चढाने आमचं कंबरडं मोडलं.

भिंतीवरची रेघ चढलेली होती. चढलेली रेघ म्हणजे शंभराला जास्त कवड्या, म्हणजे कवडी स्वस्त. दुसरा कुणीही त्या टेकडीकडे बघून म्हणाला असता की वा, काय भरभराटीचे दिवस होते. भागीदाराने एक क्षणही न अडखळता त्याच टेकडीला संकट म्हटलं होतं. ज्याला चढात उतार दिसतो, त्याला आकडा उलटा वाचायची सवय हाडीमाशी भिनलेली असते. तो गोंधळत नाही.

पण हे तिचं तिला पटलं, तरी इन्स्पेक्टरांना कसं पटवणार? माणूस हजारदा बरोबर असतो आणि एकदा चुकतो, असं कुणीही म्हणेल. चूक आणि लबाडी बाहेरून हुबेहूब सारख्याच दिसतात. त्यांना वेगळं करणारं काही तरी हवं होतं.

ती फुटपाथवरच्या एका बाकावर बसली आणि प्रत्येकाने सांगितलेलं मनात पुन्हा एकदा, शब्दन् शब्द, ऐकू लागली. भागीदाराचं, वतनदाराचं, दादाचं. वतनदारापाशी येऊन ती अडली. मग तिने फोन काढला आणि इन्स्पेक्टरांना एकच गोष्ट शोधून ठेवायला सांगितली.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं ऑफिसात बसले. भागीदाराने चहा मागवला होता. कबुलीनंतर तो हलका झालेला दिसत होता. वहिनीच्या टेबलावरची धूळही त्याने पुसून ठेवली होती. कागदपत्रं पूर्ण करायची म्हणून आलोय, असं इन्स्पेक्टरांनी सांगितलं आणि ते दाराशी जाऊन बसले.

चिमीने चहाचा घोट घेतला. वाचकांच्या प्रश्नांची खिडकी त्याने सोमवारी सकाळी बंद केली, हे बरोबर ना, असं तिने विचारलं. तो हो म्हणाला. शिव्या वाचवेनात म्हणून? तो पुन्हा हो म्हणाला.

“त्यातली एखादी आठवते?”

तो कसनुसा हसला. “शिव्या काय लक्षात ठेवायच्या, ताई? लुटारू, दरोडेखोर. असंच काही तरी.”

“शिव्या आल्याच नाहीत,” चिमी म्हणाली. “येणार कुठून? ती खिडकी रविवारी संध्याकाळपासून बंद होती.”

चहाचा कप त्याच्या हातात होता तिथेच राहिला. मग तो सावरला. असेल, असं तो म्हणाला. वहिनीनेच बंद केली असेल, वतनदाराच्या भांडणाने ती वैतागली होती.

“मग सोमवारी तुम्ही काय बंद केलंत?”

दाराशी बसलेल्या इन्स्पेक्टरांनी शांतपणे सांगितलं की पान चालवणाऱ्या कंपनीकडून खबर आली आहे. रविवारी दिवेलागणीला, याच ऑफिसच्या लाइनवरून, भागीदाराच्या पासवर्डने ती खिडकी बंद झाली. तो तर तेव्हा सासुरवाडीला होता.

चिमीने कप खाली ठेवला. तिचा आवाज चढला नव्हता. विमा मागायला आलेल्या माणसाशी ती जशी बोलत असे, तशीच बोलत होती.

“तुमचे जुने वाचक बारीक अक्षरं वाचतात. ओळ आणि आकडा जुळत नाही, हे कुणी तरी पाच मिनिटांत त्या खिडकीत लिहिलं असतं आणि सगळा डाव फसला असता. म्हणून ती आधीच बंद करावी लागली. ओळ लिहिताना माणूस चुकू शकतो. पण चुकणाऱ्याला आपण चुकणार आहोत हे आदल्या दिवशी ठाऊक नसतं.”

त्याने कप टेबलाच्या कडेला ठेवला.

“तिच्या लक्षात आलं,” तो शेवटी म्हणाला. “रविवारी ती वाचकांना उत्तरं लिहायला बसते. खिडकी बंद दिसली. मग वरची ओळ बघितली. ओळीला मी माझा पासवर्ड लावला होता, तिला ती बदलता येईना, आणि मी लॅपटॉप पिशवीत घालून निघालो होतो. ती धावत जिन्यात आली. म्हणाली, ओळ बदल, आत्ता बदल, लोक मरतील. पिशवी धरली तिने. मी फक्त ओढली. देवाशपथ, ढकललं नाही मी. नुसती ओढली.”

“मग ती पडली.”

“मला वाटलं, ती गेली.”

“नाडी बघितलीत?”

त्याने नकारार्थी मान हलवली.

“अंगावरून उतरून गेलात,” चिमी म्हणाली, “आणि सकाळपर्यंत ती तिथेच राहिली.”

इन्स्पेक्टर उठले. सोमवारी सगळ्यांत जास्त कवड्या उचलणारं खातं भागीदाराच्या सासूबाईंच्या नावावर निघालं होतं. त्या म्हातारीला फोनवर नंबर लावता येत नव्हता, पण पैलगावात ती एका दिवसात सावकारीण झाली होती.

७

खरी गोष्ट बाहेर आल्यावर कवडी सावरली, पण एकशे ऐंशीच्या जवळपासही पोचली नाही. एकदा घाबरलेली माणसं लवकर परत येत नाहीत. वतनदाराने चष्म्याच्या दुकानाच्या वेळा वाढवल्या. पुढे दर कुठे जाईल, हे आता सांगणारंच कुणी नव्हतं.

आठवड्याच्या शेवटी वहिनी शुद्धीवर आली. डोक्याला पट्ट्या, ओठ कोरडे, पण नजर स्वच्छ होती. रविवारची संध्याकाळ मात्र तिच्या डोक्यातून पुसून गेली होती. चिमीने तिला सगळं सांगितलं, थांबत थांबत, काहीही न लपवता. दादाच्या कवड्यांचंही सांगितलं, कारण तो स्वतः सांगायला तीनदा आत आला होता आणि तिन्ही वेळा उशी नीट करून परत गेला होता. कवड्या त्याने विकल्या नव्हत्या. ज्यांच्याकडून घेतल्या त्यांची नावं कंपनीकडे मागत बसला होता, आणि कंपनी देत नव्हती.

वहिनीने छताकडे बघत सगळं ऐकलं. लॅपटॉप आणलाय का, असं विचारलं. अंदाज चुकल्याचं पानावर लिहायला हवं, असं म्हणाली. तो तिच्यामुळे चुकला नाही, असं चिमी म्हणाली, तर वहिनी म्हणाली की चुकला तो चुकला.

“वन्सं,” तिने विचारलं, “तुम्हाला आधी कुणाचा संशय आला?”

दुसरं कुणी असतं तर चिमीने गुळमुळीत काही तरी सांगून वेळ मारून नेली असती.

“तुझ्या नवऱ्याचा,” ती म्हणाली.

वहिनीने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांच्या कडेने पाणी वाहत कानापर्यंत गेलं, आणि तिने ते पुसलं नाही.

“डोळे उघडले तेव्हा तो समोर बसला होता,” ती म्हणाली. “मला काहीच आठवत नव्हतं. फक्त कुणी तरी आपल्याला सोडून गेलं, एवढंच अंगात होतं. आणि मी त्याच्याकडे बघून दचकले. त्याला दिसलं ते.”

दाराच्या काचेपलीकडे दादा उभा होता. हातात तिचे धुतलेले कपडे, नीट घडी घातलेले. आत यावं की नाही हे न कळून तो तसाच उभा होता, आणि किती वेळापासून, हे दोघींनाही माहीत नव्हतं.

“त्याला आत बोलवा,” वहिनी म्हणाली. चिमी उठली, तशी तिने तिचा पदर धरला. “पण तुम्ही जाऊ नका. तुम्ही इथेच बसा.”

चिमीने दार उघडलं, आणि परत येऊन खुर्ची पलंगाच्या आणखी जवळ ओढली.